नऊ घरांची लाइन

माझ्या गावाला वास नाही, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त किळस येते.

हे वाक्य मी लिहिलं आणि आईनं ते वाचून कागद माझ्याकडे परत सरकवला. "हे तू पुण्यात जाऊन सांगणार? लोक म्हणतील, आईबापांनी हिला काही कमी केलं होतं का?"

सप्टेंबर १९८६. इथल्या, अमेरिकेतल्या, कॉलेजचं तिसरं वर्ष पुण्यात करायचं मी ठरवलं होतं. कॉलेजच्या भाषेत ते स्टडी अब्रॉड, म्हणजे माझ्यापुरतं पुणं हा परदेश. आईबाबांना हे अजून पचलं नव्हतं. "लोक तिकडून इकडे यायला जिवाचं रान करतात आणि ही," एवढं म्हणून बाबा गप्प बसत. टर्म दिवाळीनंतर सुरू होणार होती आणि आमच्या प्रोग्रॅमच्या बाईंनी तोवर एकच काम दिलं होतं. आपापल्या गावाच्या स्लाइड्स आणायच्या आणि ज्यांच्या घरी राहायचं त्या पुणेकरांना आपलं गाव मराठीत सांगायचं.

माझं गाव नेपरव्हिल, शिकागोच्या पश्चिमेला. नऊ वर्षांची असताना मी नागपूरहून इथे आले. तेव्हा आमच्या घरामागे मक्याची शेतं होती, आता आमच्याच घरासारखी घरं आहेत. तपकिरी, राखाडी, पुन्हा तपकिरी. पुढच्या हिरवळीवर औषध मारतात आणि एक छोटा झेंडा रोवून जातात, की मुलांनी आणि कुत्र्यांनी इथे पाय ठेवू नये. डोळ्यांना हिरवंगार आणि पायाला विषारी. त्या झेंड्याचा मी फोटो काढला होता.

आणि वास. आमच्या घरी तळण गॅरेजमध्ये होतं. जानेवारीतसुद्धा आई अंगात कोट घालून, गॅरेजचं दार हातभर उघडं ठेवून, हॉट प्लेटवर पुऱ्या तळते. फोडणी द्यायच्या आधी सगळ्यांचे कोट बेसमेंटमध्ये जातात, कारण ऑफिसात कोटाला हिंगाचा वास आला तर बाबांचं काय होईल. गोरे शेजारी यायचे असले की पातेल्यात दालचिनी उकळत ठेवायची. सगळ्या मराठी घरांत हेच. आम्ही जे खातो ते आम्ही खातो हे कुणाला कळू नये म्हणून आमची निम्मी अक्कल खर्च होते. मी शाळेत असताना मलाही ह्यात शहाणपण दिसायचं. आता नुसती शिसारी येते.

पण ही किळस वरवरची. खरी किळस लाइनची.

आमच्या गावात मराठी घरं नऊ. त्यांच्या मंडळाचे अध्यक्ष बाळकाका टेलिफोन कंपनीत इंजिनियर, आणि इतर बहुतेक पुरुषही त्याच कंपनीत. त्यामुळे मंडळाचं काम कसं चालावं हे टेलिफोनवाल्यांनीच ठरवलं. निरोप बाळकाकांकडून निघतो. ज्याला येतो त्यानं तो जसाच्या तसा म्हणून दाखवायचा, "निरोप मिळाला" म्हणायचं, आणि पुढच्या घरी फोन लावायचा. शेवटचं घर परत बाळकाकांना फोन करतं. निरोप फिरून आला, की लाइन शाबूत. ह्याचं त्यांना फार कौतुक. "सात वर्षांत एकदाही लाइन तुटली नाही," असं ते पाहुण्यांना सांगायचे.

ह्या लाइनवर काय चालतं ते पुण्याच्या माणसाला कळायचं नाही. तिकडे गणपती केव्हा ते पंचांग सांगतं. इथे ते फोन सांगतो. गणपती मंगळवारी आले तर मंगळवारी कोणाला सुट्टी असते? मग तो शनिवार, नाहीतर पुढचा शनिवार, नाहीतर ज्या शनिवारी बाळकाकांचं बेसमेंट मोकळं असेल तो. पाडवा तसाच, संक्रांत तशीच. भिंतीवर कालनिर्णय असून उपयोग नाही. फोन आला नाही तर तुम्हाला सण नाही.

लाइनमध्ये आमच्या मागे शरयूकाकू. त्या आईला फोन करायच्या. आमच्यापुढे नीलामावशी, म्हणून आई तिला फोन करायची. आणि नीलामावशी पुढे वसुधाकाकूंना.

नीलामावशी आणि आई, म्हणजे नीला आणि वीणा, नागपूरच्या एकाच कॉलेजातल्या. मला येतं ते मराठी नीलामावशीचं. दर रविवारी सकाळी तिच्या लिव्हिंग रूममध्ये आम्ही सगळी मराठी पोरं गालिच्यावर मांडी घालून बसायचो आणि ती नागपूरहून मागवलेली शाळेची पुस्तकं वाचून घ्यायची. बाकीची पोरं इंग्रजीत उत्तरं द्यायची. ती म्हणायची, "ऐकलं. आता मला कळेल असं सांग." तिला मूल नव्हतं. मी मात्र शाळा संपल्यावरही रविवारची जात राहिले.

तिचा नवरा कुमार. ह्या माणसाला मी दहा वर्षं काका म्हटलं, पण आता लिहिताना अहो-जाहो करवत नाही. तो बाबांच्या डिव्हिजनचा मॅनेजर. उंच, गोरापान, गाणारा. आरतीला त्याचाच आवाज पुढे. गेल्या वर्षी आमच्याकडे मंडळाचं जेवण होतं. त्यानं पाणी मागितलं, नीलामावशी कुणाशी बोलत होती, तिला यायला जरा उशीर झाला. ती ग्लास घेऊन आली तेव्हा त्यानं ताटातलं उरलेलं वरण सावकाश तिच्या निऱ्यांवर ओतलं. सावकाश, तूप घालावं तसं. आणि म्हणाला, "अरे, सॉरी हं. हात सटकला."

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कोणीतरी हसलं. आई पेपर टॉवेल घेऊन धावली, निऱ्या पुसल्या, आणि उठता उठता कुमारला तिनं विचारलं, "अजून भात वाढू?"

मी वर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

त्यानंतर नीलामावशीचा हात प्लास्टरमध्ये गेला. बर्फावरून घसरले, असं तिनं सांगितलं. त्या आठवड्यात नेपरव्हिलमध्ये बर्फ नव्हता आणि ते नऊच्या नऊ घरांना माहीत होतं. मार्चमध्ये ती घर सोडून शेजारच्या लाइलमध्ये एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये गेली आणि एका मोठ्या दुकानात काउंटरवर उभी राहायला लागली. मग मंडळाला तोंड फुटलं. कॅश रजिस्टरवर उभी राहते म्हणे, छातीवर नावाची पट्टी लावून. वसुधाकाकूंनी तिला पाहिलं आणि हातातलं सामान घेऊन त्या दुसऱ्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, आपण किती समजूतदारपणे वागलो म्हणून. आणि बिचारा कुमार एकटा, म्हणून काकवांनी वार वाटून घेतले आणि त्याला डबे पोचवायला लागल्या. मंगळवार आईचा.

लाइनमधून नीलामावशीला कोणी काढलं नाही, ह्यातच आमच्या गावाची सगळी कर्तबगारी आहे. आई तोच नंबर लावत राहिली. पूर्वी त्या नंबरावर नीलामावशी उचलायची, आता कुमार उचलायला लागला. नऊ घरं होती, नऊच राहिली. निरोप फिरून बाळकाकांकडे येत राहिला. लाइन शाबूत.

मी एकदा आईला म्हटलंही. ती म्हणाली, "मी कुणाला काढलेलं नाही हं. आपल्यापुढे जो नंबर आहे तो मी लावते."

"तिचा नवा नंबर आहे तुझ्याकडे."

"मृणाल, बाबांचं रोज त्याच्याशी काम पडतं. तुला ह्या गोष्टी कळायच्या नाहीत." आणि ती बटाटे सोलायला लागली.

गणपतीच्या शनिवारी मी माझं गाव आधी मंडळाला सांगावं, असं बाळकाकांनी ठरवलं. रंगीत तालीम होईल आणि निरोपसमारंभही उरकेल. मी एकच अट घातली, की नीलामावशीला बोलवा. मी जे बोलणार ते तिनं शिकवलेलं आहे. आई म्हणाली, "करते तिला फोन." दोन दिवसांनी म्हणाली, "केला. तिला जमणार नाही म्हणाली."

शुक्रवारी संध्याकाळी मी भाषण तपासून घ्यायला लाइलला गेले. ती नुकतीच कामावरून आली होती, पाय गरम पाण्याच्या टबात घालून बसली होती. मी म्हटलं, "मावशी, उद्या थोडा वेळ तरी ये ना."

"उद्या काय आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "गणपती उद्या आहेत होय? मी मागच्याच आठवड्यात इथे सुपारी मांडून पूजा केली."

तेव्हा तिनं मला पाडव्याचं सांगितलं. घर सोडल्यावरचा पहिला सण. फोन आला नाही, पण आपण गेलो नाही तर तेही बरं दिसणार नाही, असं तिला वाटलं. पाडव्याला लागून जो शनिवार येतो तो तिनं धरला, रात्रभर चक्का टांगून श्रीखंड केलं, पैठणी नेसली आणि सुनेत्राकाकूंच्या, म्हणजे बाळकाकांच्या, दारात जाऊन उभी राहिली. ड्राइव्हवेवर एकही गाडी नव्हती. सुनेत्राकाकूंनी हाउसकोटमध्ये दार उघडलं. "अगं, पाडवा मागच्याच शनिवारी झाला की," असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, आम्ही आता निघतोच आहोत बाहेर. हाउसकोटमध्ये.

"श्रीखंडाचं काय केलंस?"

"इथल्या ख्रिस्तीनाला दिलं, शेजारणीला. ती म्हणाली, व्हॉट अ स्ट्रेंज योगर्ट." ती हसली, मी नाही. "मृणाल, मी त्यांच्याकडे जेवायला आसुसलेली नाही गं. पण सण केव्हा आहे एवढं तरी माणसाला कळायला नको? आणि वीणाला माझा नंबर पाठ आहे. कॉलेजपासून तिला नंबर पाठ करायची सवय."

माझं भाषण तिनं वाचलं. दोन ठिकाणी लिंग दुरुस्त केलं. मजकुराबद्दल एवढंच म्हणाली, "हे बोलून तू पुण्याला जाशील. वीणाला इथेच राहायचंय." पण बोलू नको असं ती म्हणाली नाही.

बाळकाकांच्या बेसमेंटला ओलसर गालिच्याचा आणि डांबरगोळ्यांचा वास येतो. गणपती सात वर्षांपूर्वी पेणहून आणलेला. दर वर्षी आरती झाली की त्याला गॅरेजमध्ये नेतात, पोरांच्या प्लास्टिकच्या पूलमध्ये पाय बुडवतात, पेपर टॉवेलनं कोरडा करतात आणि मायक्रोवेव्हच्या खोक्यात थर्माकोलचे तुकडे भरून परत ठेवतात. एक कान उडालाय, तो च्युइंग गमसारख्या कशानंतरी चिकटवलाय. देव बुडवायचा पण संपू द्यायचा नाही. हा हिशेबीपणा मला त्या दिवशी फारच ओंगळ वाटला.

आरती कुमारनं म्हटली. डोळे मिटून, गळा काढून. बायका डोळे पुसत होत्या. मग दिवे घालवले आणि बाळकाकांनी प्रोजेक्टर लावला.

आधी नदीकाठचा रस्ता दाखवला. मग लायब्ररी. मग बर्फात अर्धी बुडालेली आमची गाडी. लोक खूष होते. "पुणेरी लोक बघतच राहतील," असं कोणीतरी म्हणालं. मग मी झेंडा दाखवला आणि त्याचा अर्थ सांगितला. थोडं हसू झालं. मग गॅरेजमधली हॉट प्लेट. शरयूकाकू म्हणाल्या, "हे कशाला गं दाखवायचं?" आणि त्यानंतर आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा पिवळा टेलिफोन.

"हा आमच्या गावाचा ग्रामदेव," मी म्हटलं. "ह्याच्यावरून आमचे सण येतात. बाळकाका निरोप काढतात, तो घरोघर फिरतो. शरयूकाकू आमच्याकडे फोन करतात. आई पुढे करते. पुढे नीलामावशी असायची. ती घर सोडून गेली, कारण त्या घरात तिचा हात मोडला. आता आई ज्यानं मोडला त्याला फोन करते. आणि निरोप बरोब्बर फिरून परत येतो. पुण्याच्या लोकांना मी हे सांगणार आहे. आमच्याकडे माणूस गळून पडला तरी लाइन तुटत नाही."

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत होता. भिंतीवर आमचा फोन भलाथोरला दिसत होता. मी आईकडे पाहिलं. "आई, परवा तू मावशीला फोन केला होतास?"

आईच्या मांडीवर प्रसादाची वाटी होती. ती वाटीतच बघत होती.

कुमारनं उठून दिवे लावले. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, जड, ऊबदार हात, आणि सगळ्यांना म्हणाला, "मुलगी जायच्या वेळी इमोशनल होतेच. चला, चला, पुऱ्या गार होतायत." आणि लोक उठले. खरोखर उठले. थर्माकोलच्या प्लेटा घेऊन रांगेत उभे राहिले आणि मटकीच्या उसळीला आलं जास्त झालंय का ह्यावर बोलायला लागले. बाबाही रांगेत होते. त्यांच्या पुढे कुमार होता आणि तो बाबांना पुऱ्या वाढत होता. ज्या कुडत्याच्या खांद्यावर तो हात पडला होता, तो मी घरी आल्यावर कचऱ्यात टाकला.

गाडीत आई एकच वाक्य बोलली. "तू माझी लाज काढलीस."

"तू फोन केला होतास का?"

तिनं रेडिओ लावला.

नवरात्र आलं. आमच्या नागपूरकडे भुलाबाई असते, पण इथे पुण्याच्या काकवांची संख्या जास्त, म्हणून भोंडला. भोंडल्याची खिरापत दर वर्षी आईची, कारण ती काय करेल ते कोणालाच ओळखता येत नाही. ह्या वर्षी तिनं मक्याच्या पिठाचे गोड घारगे केले, आत खजूर. गॅरेजमध्ये तळले, डब्यात भरले, आणि कुठल्या शनिवारी आणि कोणाकडे एवढं कळायची वाट बघत बसली.

फोन आला नाही. नवरात्रातला शनिवार उजाडला तरी आला नाही. दुपारी आईनं रिसीव्हर उचलून कानाला लावला, टोन येतो का बघायला, आणि परत ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा तेच केलं. शेवटी तिनं सुनेत्राकाकूंकडे फोन लावला. त्यांच्या मुलीनं, रुपालीनं, उचलला. मी शेजारीच उभी होते, मला तिचा आवाज ऐकू आला. "मॉम इज अ‍ॅट वसुधा आँटीज. एव्हरीबडीज देअर. फॉर द भोंडला थिंग."

आईनं फोन ठेवला. शरयूकाकूंनी आमचं घर ओलांडून सरळ पुढे कुमारला फोन केला असणार. निरोप फिरून परत गेला असणार. ते तिला माझ्या आधी कळलं, कारण ही युक्ती तिच्या ओळखीची होती.

"मृणाल, गाडी काढ," ती म्हणाली. घारग्यांचा डबा तिनं मांडीवर घेतला.

लाइलच्या त्या इमारतीच्या जिन्यात शिळ्या सिगरेटीचा आणि कोणाच्यातरी तळलेल्या कांद्याचा वास येतो. मला तो आवडायचा. आई नाकाला पदर न लावता चढली, एवढं तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. नीलामावशीनं दार उघडलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सात महिन्यांत आई थोडी जाड झाली होती आणि मावशी वाळली होती.

"खिरापत आहे," आई म्हणाली. "ओळख."

"भोंडला आज आहे?"

"आहे. वसुधाकडे."

मावशीला समजायला वेळ लागला नाही. "आणि तुला फोन आला नाही."

"नाही."

मावशीनं डबा घेतला नाही. ती रागावलेली नव्हती, हे मला नंतर फार दिवस आठवत राहिलं. दमलेली होती. "वीणे, आज तुला जायला कुठलं घर नाही, म्हणून तू माझ्याकडे आलीस," ती म्हणाली. "ज्या दिवशी जायला दुसरं घर असेल, त्या दिवशी ये." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोचलीस की मला पत्र टाक. मराठीत." आणि दार लावलं.

आई जिन्यात बराच वेळ उभी होती. मला तिची दया आली आणि तेवढीच तिची चीडही आली. गाडीत तिनं डबा उघडून एक घारगा खाल्ला, मग दुसरा. रडत नव्हती. भूक लागल्यासारखी खात होती, आणि मला ते बघवत नव्हतं.

मी निघायच्या आदल्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी, फोन वाजला. शरयूकाकू. जणू मधे काही झालंच नव्हतं. दिवाळीचं जेवण, शनिवारी, सहा वाजता, सुनेत्राकडे. वर त्यांनी आवाज खाली करून सांगितलं, "अगं, कुमारच म्हणाला. म्हणाला, झालं गेलं, पोर लहान आहे, मोहनला आणि वीणाला बोलवायचंच. मोठ्या मनाचा हो." मोहन म्हणजे माझे बाबा. बाबांनी हे सोफ्यावरून ऐकलं आणि त्यांचे खांदे सैल झाले. त्यांना किती दिवसांनी बरं वाटलं असेल, ते मला तिथूनच दिसलं. क्षमा कुमारनं केली होती. आम्हाला. हे ऐकून माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

आई फोनवर म्हणाली, "दिवाळीचं जेवण, शनिवारी, सहा वाजता, सुनेत्राकडे. निरोप मिळाला." आणि फोन ठेवला.

आता पुढचा नंबर लावायचा. ती भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. मी दारात होते, हातात पुण्याला न्यायच्या कपड्यांचा गठ्ठा. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं कुमारचाच नंबर लावला असता, माझ्यावरच्या रागानं.

तिनं नंबर फिरवला. पाठ होता.

"नीला, मी वीणा. निरोप आहे. दिवाळीचं जेवण शनिवारी, सहा वाजता, सुनेत्राकडे." ती थांबली. "मला बोलावलंय तिथे. म्हणजे आता मला जायला घर आहे. तर शनिवारी तुझ्याकडे येऊ का?"

मावशी काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "चकल्या आणते. नाही, विकतच्या कशाला, करते ना." आणि जरा थांबून, "पुढे वसुधाला सांगायचं की नाही ते तू बघ."

ती लगेच भाजणी घेऊन बसली. पीठ मळून झालं तेव्हा मी हॉट प्लेटची वायर गॅरेजमध्ये लावायला निघाले. ती म्हणाली, "राहू दे. थंडी आहे बाहेर." आणि कढई स्वयंपाकघरातल्या शेगडीवर चढवली.

"कोट खाली नेऊ?"

"राहू दे."

तेल तापलं, चकल्या पडल्या, आणि तिखट खमंग वास जिन्यावरून वरच्या खोल्यांपर्यंत गेला. सोफ्यावरून बाबांनी विचारलं, "एक्झॉस्ट चालू नाहीये का?" आई म्हणाली, "नाही." बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. माझं आणि बाबांचं त्या विषयावर पुढे कधीच बोलणं झालं नाही.

चकल्यांचा शेवटचा घाणा निघत होता तेव्हा फोन वाजला. आईचे हात तेलकट होते, म्हणून मी रिसीव्हर तिच्या कानाशी धरला. बाळकाका होते. मोठ्यानं बोलायची त्यांची सवय, मला सगळं ऐकू येत होतं.

"वीणावहिनी, निरोप परत आला नाही अजून. सात वर्षांत पहिल्यांदा. लाइन कुठे तुटली कळत नाहीये. शरयू म्हणते तुम्हाला पोचला. तुम्ही पुढे केलात ना फोन?"

"केला, भावजी. नीलाला केला."

"नीलाला?" ते थांबले. "अहो, पण तुमच्यापुढचा नंबर कुमारचा."

"माझ्यापुढे नीला होती," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, एक हात चकल्या निथळवतच होता. "तिच्यापाशी लाइन मार्चमध्येच तुटली होती. मी तोडली होती. तेव्हा कुठे तुटली ते विचारायला तुम्ही फोन केला नव्हता."

पलीकडे त्यांच्या घरातली भांडी वाजत होती.

"शनिवारी आम्ही येत नाही. निरोप मिळाला ना, भावजी?"

आणि सात वर्षांच्या सवयीनं बाळकाकांच्या तोंडून निघून गेलं, "मिळाला."